मागे घेण्याची परवानगी

“सूनबाई, ठराव मांडायचा, दणकून बोलायचं आणि शेवटी मागे घ्यायचा. लग्नातल्या रुसव्यासारखं असतं हे. रुसावं जरूर, पण पंगत उठायच्या आत हसावं,” नानासाहेब बशीत चहा ओतत म्हणाले.

नागपूरच्या आमदार निवासातली माझी खोली. हिवाळी अधिवेशन, शुक्रवारची सकाळ. खुर्चीत नानासाहेब, खाटेच्या कडेला मी आणि स्टोव्हपाशी उकिडवे बसलेले आमचे हे. चहा ह्यांनीच केला होता, कारण नानासाहेबांना मला समोर बसवून बोलायचं होतं. बायको बसलेली असताना एका हेडमास्तरानं चहा गाळावा हे नानासाहेबांना रुचलं नव्हतं. पण कप काही त्यांनी परत केला नाही.

नानासाहेब म्हणजे आमच्या जिल्ह्यात पक्षाचे सर्वेसर्वा. शेजारच्या मतदारसंघाचे आमदार, आमच्या कवठ्याच्या शाळेचे अध्यक्ष आणि गावाबाहेरच्या जिनिंग फॅक्टरीचे मालक. नात्यानं आमचे कोणी नव्हते, सूनबाई आपलं म्हणायचे. मला तिकीट त्यांनीच दिलं. एक तरी बाई उभी करा, असं त्यांना वरून सांगणं आलं होतं. सातवी पास, चारचौघांत न अडखळता बोलणारी आणि जिचा नवरा आपल्याच शाळेत नोकरीला, अशी बाई शोधायला त्यांना लांब जावं लागलं नाही. मी निवडून आले तेव्हा सभागृहात आम्ही बायका इतक्या थोड्या होतो, की एखादी सर्दीनं घरी राहिली तरी अध्यक्षांना ओळखू यायचं.

दीड वर्ष मी हात वर कर म्हटलं की करत होते. मग शुक्रवारच्या चिठ्ठ्यांत माझं नाव निघालं. शुक्रवारी दुपारी साध्या सदस्यांचे ठराव घेतात आणि कोणाचा आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरवतात. माझा पहिला लागला. ठराव तसा साधा होता. खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात नेमलेल्या नर्सबाईला गावात, वस्तीत, सरकारनं घर बांधून द्यावं. एवढंच.

ह्याला कोणी नाही का म्हणावं? पण कवठ्याचा दवाखाना नानासाहेबांच्या जिनाच्या जुन्या कचेरीत भरायचा आणि नर्स सिंधू गजभिये त्याच कचेरीमागच्या खोलीत राहायची. गाव तिथून हाकेच्याही पलीकडे. सिंधूच्या घरच्यांनी दीक्षा घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. बाळंतपणाला ती सगळ्यांना चालायची, खोली भाड्यानं द्यायला कोणालाच चालत नव्हती. आणि नानासाहेबांचा पुतण्या प्रताप, जो जिनाचा कारभार पाहायचा, तो पिऊन आला की तिचं दार वाजवायचा. हे गावाला ठाऊक होतं. मोठ्यानं कोणी बोलत नव्हतं.

“मतदान होऊन पडला तर पडू द्या ना, नानासाहेब,” मी म्हटलं.

“मतदान झालं की वर्तमानपत्रात येतं. मग एखादा विचारतो, बाईंना हे सुचलं कुठून? गाव कोणतं? नर्स कोणती?” त्यांनी कप खाली ठेवला. “प्रताप माझ्या भावाचं पोर आहे. मी समज दिली त्याला. घरातलं घरात राहिलेलं बरं. मंत्री छान आश्वासन देतील, तुमचा मान राहील. तुम्ही उठून मागे घ्यायची परवानगी मागायची. संपलं.”

“आणि कोणी नाही म्हटलं तर?”

हे मी उगाच विचारलं नाही. सभागृहाची रीत अशी की ठराव एकदा मांडला की तो सगळ्या सभागृहाचा होतो. मांडणाऱ्याला तो परस्पर खिशात घालता येत नाही. अध्यक्ष विचारतात, परवानगी आहे का? एकानं जरी नाही म्हटलं तरी मत घ्यावंच लागतं. विरोधी बाकांवरचे म्हातारे डबीर वकील दर शुक्रवारी निव्वळ गंमत म्हणून नाही म्हणायचे आणि मंत्र्यांची धांदल पाहत सुपारी चघळत बसायचे.

“डबीरांशी बोललोय मी. आज ते तोंड उघडणार नाहीत.” मग नानासाहेब माझ्याकडे न बघता ह्यांच्याकडे वळले. “मास्तर, हेडमास्तरकीवर कायम व्हायचं राहिलंय ना तुमचं?”

“होय, नानासाहेब.”

“करून टाकू. सूनबाई, शब्द द्या.”

“काय शब्द देऊ?”

“मागे घ्यायची परवानगी मागीन, म्हणा.”

ह्यांनी मान खाली घातली होती आणि स्टोव्हची पिन विनाकारण फिरवत होते.

“मागीन,” मी म्हटलं.

नानासाहेब गेल्यावर हे कप विसळत बसले. तीन कपांना किती वेळ लागावा! पाठमोरेच बोलले, “आईचं दुखणं, दोन पोरं शिकतायत. ह्या जिल्ह्यात एकही शाळा त्यांच्या शब्दाबाहेर नाही, जानकी. मला दुसरीकडे कोण उभं करेल?”

“मी काही म्हटलं का?”

“तू काही म्हणत नाहीस ना, तेव्हाच मला भीती वाटते.”

ह्यांचा राग यावा असं काही त्यांनी केलं नव्हतं. घाबरलेल्या माणसाचा राग करता येत नाही, विशेषतः आपणही तेवढेच घाबरलेले असलो तर. मी साडीच्या निऱ्या नीट केल्या, भाषणाचे कागद घेतले आणि निघाले.

विधानभवनाच्या व्हरांड्यात सिंधू उभी. तिला गॅलरीचा पास मीच पाठवला होता, मोठ्या हौसेनं, ठरावाचा नंबर लागला त्याच दिवशी. पहाटेच्या एसटीनं आली होती. इस्त्रीची पांढरी साडी, पिशवीत संत्री. तिला पाहिलं आणि वाटलं, आत्ताच सांगून टाकावं की बाई, मी मागे घेणार आहे, तू परतीची गाडी धर.

“ताई, तुमाले एक सांगाचं होतं,” तीच आधी बोलली. “मागं सांगतलं नाई.”

“सांग ना.”

तिनं इकडंतिकडं पाहिलं. चपराशी लांब होता.

“दसऱ्यानंतरची गोष्ट. रात्री दार वाजलं. ‘बाई, चला, बायको अडली हाय’ असा आवाज आला. प्रतापराव असाच आवाज काढत. दोनदा मी तशीच फसली होती, दार उघडलं आणि हे समोर. कशीबशी आरडाओरडा करून वाचली. म्हणून त्या रात्री नाई उघडलं. खाट लावली दाराले आणि खाटेवर बसून रायली. लय येळ वाजलं. मंग थांबलं.”

“बरं केलंस.”

“तो मारोती आत्राम होता, ताई. कापूस वेचाले आलेला, जिनामागच्या झोपडीतला. त्याची बायको पहाटे गेली. लेकरू पोटातच रायलं.”

माझ्या हातातले कागद मी उगाच सारखे करत राहिले.

“तो मारोती भांडायला आला असेल,” मी कसंबसं म्हटलं.

“आला. भांडला नाई. म्हणे, बाई, तुमी गावाले गेल्ता का? मी हो म्हटलं.” तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते आधीच कुठंतरी संपवून आली असावी. “आता सरकार घर देईन. रस्त्यावर, मानसांत. मंग कोनाचाबी आवाज आला तरी मी उघडीन. नाई तं ताई, मी राजीनामा लिवून आनला हाय. त्या खोलीत आता माह्यानं नाई होत.”

तेवढ्यात घंटा झाली. मला म्हणायचं होतं, सिंधू, थांब, ऐक. तोंडातून निघालं, “वर जा, बायकांच्या गॅलरीत बस. पुढची जागा धर.”

सभागृहात माझा बाक तिसऱ्या ओळीत, नानासाहेब माझ्या बरोबर पुढे. त्यांची टोपी आणि मानेवरची घडी एवढंच मला दिसायचं. जेवणाच्या सुट्टीनंतर अध्यक्षांनी नाव पुकारलं आणि मी उठले. बोलले ते पाठ केलेलंच बोलले. अमुक गावात नर्स नाही, तमुक गावात नेमलेली टिकत नाही, का टिकत नाही ह्याचा विचार व्हावा. जिनाचं नाव घेतलं नाही, कवठ्याचं घेतलं नाही. मारोतीचंही घेतलं नाही. मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणालं, “नर्सला घर, मग तलाठ्याला बंगला द्या.” लोक हसले. चांगलं बोललीस म्हणून शेजारच्या मनोरमाबाईंनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. कोकणातल्या ह्या बाई माझ्याहून थोरल्या, आमच्याच पक्षाच्या. सभागृहात दोरा-सुई घेऊन बसायच्या आणि सहसा बोलायच्या नाहीत. त्यांनी थोपटल्यावर मला जास्तच लाज वाटली.

मंत्री उत्तराला उठले. गोरेपान, आवाज दुधावरच्या सायीसारखा. “जानकीबाई इंगोले यांच्या भावनेशी मी पूर्णपणे सहमत आहे. खेड्यातली नर्स ही आपल्या सर्वांची भगिनी आहे. तिला हक्काचं, सुरक्षित घर मिळालंच पाहिजे. सरकार या प्रश्नाचा अत्यंत सहानुभूतीनं विचार करील, अशी मी सभागृहाला ग्वाही देतो.”

बाकं वाजली. मी वर पाहिलं. एका बाजूला पुरुषांच्या गॅलरीत हे बसले होते आणि चष्मा पुसत होते. पुसून झाला की पुन्हा पुसत होते. दुसऱ्या बाजूला सिंधू कठड्याला टेकून उभी राहिली होती, शिपाई तिला बसा बसा म्हणून खुणावत होता आणि तिनं मंत्र्यांकडे पाहून हात जोडले होते.

तिला वाटलं होतं, घर मिळालं.

कसं वाटणार नाही? मंत्र्यांनी घर मिळालंच पाहिजे म्हटलं, सगळ्यांनी बाकं वाजवली. आमच्याकडे पंचायतीत पाटलानं एवढं म्हटलं की काम झालं असं समजून माणसं घरी जातात. सहानुभूतीनं विचार करणं म्हणजे फाईल कपाटात ठेवणं, हे कळायला तिथं दीड वर्ष बसावं लागतं.

नानासाहेबांची टोपी वळली. त्यांनी मान हलवली, हलकेच, जेवायला उठा म्हणावं तशी. मी उठले.

“अध्यक्ष महाराज, मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी माझा ठराव मागे घेण्याची सभागृहाची परवानगी मागते.”

बसले. टोपी पुन्हा सरळ झाली. वर सिंधू आता शिपायाचं ऐकून बसली होती आणि पदरानं डोळे पुसत शेजारच्या अनोळखी बाईला काही सांगत होती. हसत होती. पिशवीतलं एक संत्रं काढून तिनं त्या बाईच्या हातात दिलं. मला वाटलं, आता ही ह्याच आनंदात एसटीत बसेल, खोलीवर जाईल आणि घराची वाट बघत दाराला खाट लावून बसेल. किती दिवस बसेल? आणि मग कळेल तेव्हा माझ्याविषयी काय म्हणेल, ते मला आत्ताच ऐकू येत होतं. काहीच म्हणणार नाही. मी गावाला गेले होते का, एवढंच विचारेल.

“ठराव मागे घेण्यास सभागृहाची परवानगी आहे?” अध्यक्षांनी विचारलं.

“होय, होय,” दुपारच्या जेवणानंतरचे आवाज आले. डबीर वकील छताकडे बघत होते. अध्यक्षांनी सवयीनं एकदा सगळीकडे नजर फिरवली.

“नाही.”

आवाज बाईचा होता, म्हणून सगळ्यांनी आधी आम्हा बायकांकडे पाहिलं. मनोरमाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मला कळलं की मी उभी आहे.

सभागृह खळखळून हसलं. अध्यक्षही हसले. “सन्माननीय सदस्यांची काही गफलत झालेली दिसते. परवानगी आपणच मागितली आहे.”

“गफलत नाही, अध्यक्ष महाराज. मागितली मीच. ती देऊ नये असं सभागृहाची सदस्य म्हणून मला वाटतं.”

आता कोणी हसलं नाही. नानासाहेब वळले नाहीत, पण मानेवरची घडी लाल झालेली मला दिसली. अध्यक्षांनी खाली बसलेल्या सचिवांना काही विचारलं, सचिवांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पानं मागेपुढे केली. आणि डबीर वकील सुपारी गालात सारून उठले. नानासाहेबांना दिलेला शब्द बहुधा नाही म्हणायच्या बाबतीतच असावा, उभं राहायच्या बाबतीत नव्हे.

“हरकतीचा मुद्दा नाही, खुलाशाचा आहे, अध्यक्ष महाराज. नियमात ‘कोणाही सदस्याचा विरोध’ असं आहे. मांडणारा सोडून, असं कुठं म्हटलेलं नाही. बाई सदस्य आहेत ना?”

“आहेत,” अध्यक्ष नाखुशीनं म्हणाले. “पण असं आजवर झालेलं नाही. सन्माननीय सदस्य, कारण काय?”

“कारण वर गॅलरीत बसलेल्या एका नर्सबाईंना वाटतंय की घर मिळालं. मिळालं की नाही, हे त्यांना आज इथंच कळावं.”

“गॅलरीचा उल्लेख सभागृहात करता येत नाही. तो कामकाजातून काढण्यात येईल.”

“काढावा, अध्यक्ष महाराज.”

पण तोवर सगळ्या माना वर झाल्या होत्या. सिंधू त्या तेवढ्या डोळ्यांसमोर संत्र्याची साल हातात धरून बसली होती.

मत घेतलं. आधी आवाजानं, मग डबीरांनी आग्रह धरल्यावर आपापल्या जागी उभं राहून. ठरावाच्या बाजूनं विरोधी बाकं उठली. आमच्या बाजूनं मी. मग सुई कापडात खोचून मनोरमाबाई सावकाश उठल्या, आणि त्यांच्यामागे आणखी एक-दोघी. विरुद्ध उभं राहायची वेळ आली तेव्हा भगिनीला हक्काचं घर द्यायला निघालेले मंत्री उभे राहिले, खालच्या कागदाकडे पाहत. नानासाहेब उभे राहिले. तलाठ्याच्या बंगल्याचा विनोद करणारा उभा राहिला. पुढच्या साऱ्या ओळी उभ्या राहिल्या. ठराव पडला. चांगला दणकून पडला.

व्हरांड्यात नानासाहेब माझीच वाट बघत थांबले होते. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

“शब्द दिला होतास.” सकाळचं अहोजाहो गेलं होतं.

“पाळला की, नानासाहेब. परवानगी मागितली. मिळाली नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी मला पाहिलं होतं, पण असं कधी पाहिलं नव्हतं. “मास्तरांना म्हणावं, सोमवारी शाळेच्या किल्ल्या आणून द्या,” म्हणाले आणि धोतराचा सोगा सावरत पायऱ्या उतरले. पुढच्या निवडणुकीत मला तिकीट मिळालं नाही हे वेगळं सांगायला नको.

मी खांबाला टेकले. केलं काय मी? ठराव गेला, ह्यांची नोकरी गेली, आणि सिंधूला घर नाहीच. हाती काही म्हणून राहिलं नव्हतं. पुरुषांच्या जिन्यानं हे उतरत होते, एकेक पायरी बघत. बायकांच्या जिन्यानं सिंधू आली. दोघंही एकदमच माझ्यापाशी पोचले. कोणी कोणाकडे बघेना.

“पडला ना?” सिंधूनं विचारलं.

“पडला.”

“मले आधी वाटलं, झालं. मी त्या बाईले सांगतलंबी.” तिनं पिशवीत हात घालून घडी केलेला राजीनामा काढला. “मंग हे तालुक्याले देऊन जातो.”

मी ह्यांना सांगितलं, “सोमवारी किल्ल्या मागितल्यायत.”

ह्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता पुसत बसतील. पण तो त्यांनी घडी करून सरळ खिशात ठेवला आणि सिंधूकडे वळले.

“सिंधूबाई, आमची पुढची खोली आहे. दार रस्त्यावर उघडतं. समोर कुंभारांची घरं आहेत, हाक मारली की दहा माणसं जमतात. तिथं राहाल का?”

सिंधूनं आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाचा आ झाला होता. त्या खोलीत ह्यांची पुस्तकं आणि शिकवण्यांची पोरं असायची. सासूबाई तर धुतलेल्या पायांशिवाय तिथं कोणाला येऊ द्यायच्या नाहीत.

“राईन,” ती म्हणाली. मग अगदी सरळ आवाजात, औषध कसं घ्यायचं ते सांगावं तसं तिनं विचारलं, “पान्याचं कसं, मास्तर? तुमच्या हिरीचं मी शेंदू, का कोनी वरून वाढत जाईन? ते आताच ठरलेलं बरं.”

“तुम्हीच शेंदायचं,” हे म्हणाले. “आईशी मी बोलतो. बोलायला वेळही पुष्कळ आहे. सोमवारपासून मी घरीच आहे.”